सगुणचा परवाना

हवालदाराने कागद मांडीवर घेऊन विचारलं, “गुरुजी, सगुण माणूस कसा? वडिलांची बंदूक नावावर करून मागतोय. रानडुकरं भात ठेवत नाहीत म्हणतो.”

माझ्या विद्यार्थ्याचं नाव ऐकून मला राहवलं नाही. “पंधराव्या वर्षी त्यानं एकाचं डोकं फोडलं होतं. बाल न्यायालयानं सुधारायची संधी दिली, पुढे ती नोंदही पुसली. आज गावात त्याच्याइतका शांत माणूस नाही!” जबाबावर मी न वाचताच अभिमानाने सही केली.

महिन्याभराने सगुण अंगणात आला. परवाना नाकारला होता. कारण एका ओळीचं: अर्जदाराने पूर्वी डोके फोडल्याचे त्याचे शिक्षक सांगतात.

“गुरुजीनू, कोर्टान पुसलेला तां तुमी कित्याक सांगितल्यात?”

“तू किती सुधारलास, ते सांगायचं होतं रे.”

“तां त्यांनी लिवलाच नाय,” तो म्हणाला, पाया पडला आणि गेला.

आता रोज तिन्हीसांजेला डुकरं हाकायला तो शेतात पत्र्याचा डबा बडवत बसतो. शिकवणीची मुलं विचारतात, “गुरुजी, खिडकी लावू? आवाज येतोय.”

मी नको म्हणतो.