साडेचार फुटांचं मूळ

"बाबूजी, फळं आजून बोराएवढीच हायेत. झाड आताच कावून उपटून राहिले?" जयवंतानं विचारलं.

खुशालराव ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. दुसऱ्या दिवशी नागपूरहून बडे साहेब यायचे होते.

अकोल्याजवळच्या बोरखेडीच्या सरकारी बाडीत खुशालराव शेतकी सहायक होते आणि जयवंता तिथं रोजानं पाणी द्यायची. चार वर्षं खुशालराव टमाट्याच्या मुळांमागे लागले होते. विलायती टमाटा मोठा, पण मूळ वीतभर. फाल्गुनात काळी जमीन भेगाळली की झाड मान टाकी. गावठी टमाट्याचं मूळ खोल, पण फळ गोटीएवढं. मुळाची खोली आईबापाकडून बियांत उतरते, असं खुशालराव कॉलेजात शिकले होते. म्हणून त्यांनी दोघांचं लग्न लावलं. नातवंडांच्या पिढीत एकशेबारा झाडं झाली. त्यांतलं एकच, सतरा नंबरचं, चैत्रात पाणी तोडल्यावरही हिरवंगार राहिलं. त्याच्या पहिल्या बहराची चार टपोरी फळं खुशालरावांनी साहेबांच्या बंगल्यावर पोचती केली होती. साहेबांनी ती बियांसकट खाल्ली.

"फळं काय, बाजारातही मिळतात," खुशालराव म्हणाले. "मूळ दिसल्याशिवाय माझं काम कोणाला कळणार?"

"अन् बी?"

"ते मी पाहतो. तू खड्डा खण."

जयवंता खणत राहिली. माती भिजवून, बोटांनी सोडवून, अख्खं मूळ बाहेर काढलं. खुशालरावांनी ते काळ्या कापडाच्या फळ्यावर ताणलं आणि बायकोची सुई घेऊन एकेक तंतू वेगळा केला. साहेबांनी दुसऱ्या दिवशी स्वतः मोजलं. साडेचार फूट! फोटो निघाला. खुशालरावांनी आनुवंशिकतेवर अर्धा तास भाषण दिलं. तोवर फळ्यावरचं झाड पापडासारखं वाळलं होतं.

"शाबास," साहेब म्हणाले. "जूनपर्यंत शेरभर बी पाठवा. सगळ्या प्रांतात लावू."

"येस सर," खुशालराव हसून म्हणाले. ते हसू तोंडावरून उतरवायला त्यांना बराच वेळ लागला.

मे महिन्यात ते अमरावतीच्या बाजारात गेले, दिसेल तो टमाटा टोपल्यांनी उचलला, पिळून बी वाळवलं आणि पुड्यांवर झोकात लिहिलं, 'बोरखेडी सतरा'. त्याच साली त्यांना बढती मिळाली आणि अमरावतीला बदली झाली. पुड्या गावोगाव वाटल्या गेल्या. फाल्गुन आला की झाडं माना टाकत. खुशालराव अहवालात कारण लिहीत, 'शेतकऱ्यांचा निष्काळजीपणा'.

तिसऱ्या वैशाखात ते रिद्धपूरच्या बाजूला दौऱ्यावर निघाले. एका माळीपुऱ्यामागच्या वाडीत त्यांची नजर गेली आणि पाय थांबले. भेगाळलेल्या जमिनीत टमाट्याची झाडं उभी होती. हिरवीकंच. मुठीएवढी लाल फळं लागलेली. आत जयवंता तण काढत बसली होती. बाडीतलं काम सोडून ती गावी आली होती.

खुशालराव तसेच बांधावर बसले. "हे कुठून आणलंस?"

"तुमचंच हाय, बाबूजी. खड्डा खंदतानी एक फांदी मोडली. टाकाची कायले म्हनून वल्या फडक्यात गुंडाळून घरी आनली, मातीत खोचली. रुजली. मंग दरसाल खोल मुळाच्या झाडाचंच बी धरत गेली."

ती घरात गेली आणि चिंधीत बांधलेली चिमूट घेऊन आली. "न्या. मेहनत तुमची हाय."

खुशालरावांचे डोळे भरून आले. चार वर्षांची तपश्चर्या त्यांच्या तळहातावर होती. अमरावतीची वाट निम्मी होईपर्यंत त्यांना सगळा वऱ्हाड हिरवा दिसत होता. मग त्यांना बढतीचा हुकूम आठवला. हे सतरा नंबर, तर सरकारनं तीन वर्षं वाटलं ते काय?

घरी पोचल्यावर त्यांनी अंघोळीचं पाणी तापायला ठेवलं आणि चिंधी बंबात टाकली. मग कचेरीत जाऊन स्वच्छ अक्षरात नोटीस लिहिली: या गावातला टमाटा भेसळीचा व रोगट असून तो कोणी लावू नये, लावल्यास दंड होईल. खाली गोल शिक्का मारला. शिपाई जाऊन नोटीस माळीपुऱ्यातल्या देवळाच्या भिंतीवर चिकटवून आला. बायकांनी तिच्यावरचा शिक्का पाहिला, चांगला आहे म्हणाल्या, आणि पाणी भरायला गेल्या.

माळीपुऱ्यात कोणालाच वाचता येत नव्हतं, म्हणून वाण वाचला.