परतीचं इंधन

“आजच्या आज काढून टाका,” म्हणत बाईंनी छापलेला कागद काउंटरवर आपटला.

मोबाईल दुरुस्तीवाल्यानं डोळ्याचं भिंग वर सरकवलं. कागदावर त्याच्याच वेबसाइटचं पान होतं. सव्वीस वर्षांपूर्वीचा एक कॉम्प्युटर गेम त्यानं तिथं ठेवला होता, कुणीही यावं आणि फुकट उतरवून घ्यावा. यान चंद्रावर न्यायचं, उतरवायचं, परत आणायचं. पडद्यावर नुसते काटे, आकडे आणि काळं आकाश.

“मी लिहिलाय तो,” बाई म्हणाल्या. “आकाश दुसऱ्यानं काढलं. उड्डाणाचं सगळं गणित माझं.”

गेम बाजारात आला आणि दोन महिन्यांत कंपनीनं गाशा गुंडाळला. बाईंनी मग शिकवण्या धरल्या. वजाचं चिन्ह विसरलं की अर्धा गुण कापणाऱ्या बाई म्हणून मुलं त्यांना टरकून असत. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीनं ते पान सहज दाखवलं, आणि बाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. जेवताना, फळ्यावर लिहिताना, रस्ता ओलांडताना त्या मनातल्या मनात या न पाहिलेल्या माणसाशी भांडत होत्या. आज समोर भेटला तर तो भांडायलाच तयार नव्हता.

“कंपनी बंद पडली म्हणजे माल बेवारस होत नाही,” त्यांनी सुनावलं.

“मग वारस कुठंय ते तरी कळू दे, मॅडम.” त्यानं खणातून तीन पाकिटं काढली. “परवानगी मागायला तीन पत्त्यांवर पत्रं धाडली. तिन्ही परत आली. गेमच्या जुन्या फ्लॉप्या मिळाल्या तेव्हा त्यांना बुरशी धरली होती. अजून वर्षभर थांबलो असतो तर तुमचं गणितही गेलं असतं.”

“वाचवलंत ते ठीक. गावभर वाटायचं कशाला?”

“लोक मागायला लागले.” तो थोडा ओशाळला. “पण तुमचं आहे. तुम्ही म्हणाल तर पुसतो. फक्त आत माझे वडील बसलेत. चंद्रावरून परत कसं यायचं तेवढं त्यांना सांगा.”

आतल्या खोलीत जाड चष्म्याचा एक म्हातारा जुन्या मशीनसमोर ताठ बसला होता. चौतीस वर्षं त्यानं बस चालवली होती आणि एकदाही गाडी रस्त्यात बंद पडू दिली नव्हती. ओळख होताच हे तो कुणालाही सांगत असे. बाईंनाही सांगितलं.

“बसा ताई. चंद्रावरून निघालोय, आता वेग उतरवायचा,” तो म्हणाला.

बाई उभ्याच राहिल्या. म्हाताऱ्याचा हात पाहून त्या गार झाल्या. इतकं नेमकं यान त्यांना स्वतःलाही कधी चालवता आलं नव्हतं. वेग कमी करायला त्यानं इंजिन उलट पेटवलं. इंधनाचा काटा भराभर खाली आला आणि शून्यावर टेकला. म्हाताऱ्यानं मुकाट्यानं वही ओढली आणि आकडे मांडले. खाली लिहिलं, ‘परतीला इंधन संपलं. माझंच काहीतरी चुकलं.’

“हात गेला माझा,” तो म्हणाला. “पूर्वी इंजिनाच्या आवाजावरून डिझेल किती उरलंय ते सांगायचो. मुलगा म्हणतो, नाद सोडा. पण गाडी तिकडं अडकून पडलीय म्हटल्यावर चैन पडत नाही हो.”

बाईंनी वही मागं मागं चाळली. शेल्फवर तसल्याच आणखी पाच होत्या. प्रत्येक उड्डाणाखाली तेच वाक्य. सवयीनं त्यांची नजर आकड्यांवरून फिरली आणि अडखळली. त्यांनी आणलेला कागद उलटा केला, त्यावर पाच ओळींचं गणित मांडलं. मग तेच पुन्हा मांडलं.

परतीच्या वाटेवर इंजिन उलट पेटवल्यावर एक आकडा वजा व्हायला हवा होता. बाईंनी तो अधिक धरला होता. त्यामुळे परतीला यान दुप्पट इंधन पीत होतं. कंपनीला घाई होती, परतीची फेरी कुणी चालवूनच पाहिली नव्हती. सव्वीस वर्षांत कुणीही घरी पोचलं नव्हतं, आणि पोचणं शक्यच नव्हतं.



दुरुस्तीवाला लॅपटॉप घेऊन दारात आला. “पुसू का, मॅडम?”

नुसतं हो म्हटलं की झालं असतं. पानाबरोबर ते चिन्हही गेलं असतं. कुणाला कळलं नसतं. राहता राहिला हा म्हातारा, आणि तो तर चूक आपल्याच माथी घेऊन बसला होता. बाईंना या क्षणी उठून चालू लागावंसं वाटलं. त्यांनी पर्सही उचलली.

मग पर्समधून लाल पेन काढलं.

“पुसू नका,” त्या म्हणाल्या. “दुरुस्त करून देते, तो ठेवा. आणि गणित कुणी चुकवलं होतं तेही तिथं लिहा.” मग म्हाताऱ्याकडे पाहणं त्यांना जड गेलं, तरी पाहिलं. “काका, तुमचा हात शाबूत आहे. वजाचं चिन्ह मी विसरले होते.”

 म्हातारा चष्मा काढून पुसत राहिला.

बाई त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. शेवटच्या ओळीतलं ‘माझंच’ त्यांनी लाल रेघेनं खोडलं, वर ‘बाईंचं’ लिहिलं, आणि शेल्फवरची पहिली वही पहिल्या पानावर उघडली.