पेढ्याची तक्रार

२०२१ सालच्या जून महिन्यात एका सकाळी पेढ्यानं एका बाईची ओढणी फाडली, आणि रंगरावांना कित्येक दिवसांनी घराचं दार उघडावं लागलं.

कोथरूडमधल्या त्या गल्लीत पेढ्याला सगळे ओळखून होते. तपकिरी रंगाचा बुटका कुत्रा, पण अंगावर धावून आला की भल्याभल्यांची भंबेरी उडायची. कामाला जाणारी माणसं हल्ली वळसा घालून मुख्य रस्त्यानं जात. ही बाई नवीन होती. तोंडाला मास्क, खांद्याला पिशवी, हातात ओढणीचं फाटकं टोक.

"हे तुमचं कुत्रं?"

"कुत्रा," रंगराव म्हणाले. "आणि कुत्रा आहे हे दिसतं, तर पलीकडून जावं माणसानं."

"का म्हणून? मी ड्यूटीला इथूनच जाणार, काका. पेढा नाव ठेवलं म्हणून कुत्रं गोड होत नाही. पुन्हा अंगावर आलं तर महापालिकेची गाडी बोलावीन."

"खुशाल बोलवा!" रंगरावांनी दार आपटलं.

आत आल्यावर मात्र त्यांनी खिडकीतून पेढा जागेवर आहे ना, ते पाहिलं. पेढा त्यांच्या पत्नीचा, विमलाबाईंचा. त्यांनीच त्याला पिल्लू असताना पदरात गुंडाळून आणला होता आणि रोज म्हातोबाच्या टेकडीवर त्याच नेत. एप्रिलमध्ये विमलाबाई स्वतःच्या पायांनी कोविड वॉर्डात चालत गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. नातेवाइकांना आत सोडत नव्हते; शेवटची भेटही झाली नाही. तेव्हापासून रंगराव दार लावून बसले होते. मुलगी ऋतिका खराडीहून डबा घेऊन यायची, तो दाराबाहेरच राहायचा. शेजारी झाले, डॉक्टर झाले, सगळे समजूत घालून थकले. पेढा अंगणात कोंडलेला, चिडलेला, आणि फाटकाची कडी मोडलेली. आता तोही गेला, तर विमलाबाईंच्या मागं राहिलेला एकुलता जीव जाणार होता.

पण रंगराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यात एकाही तक्रारीला त्यांनी उत्तर दिल्यावाचून सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून फाटकात उभे होते. कडी तारेनं आवळली होती.

"तारेनं?" ती म्हणाली. "उद्या सुतळीनं बांधाल. आणि हा एवढा भुंकून काय राहिला?"

"'भुंकून राहिला' नव्हे, 'भुंकतो आहे'. कुठल्या आपण?"

"अकोल्याची. नाव राजनंदिनी. माझी तक्रार करायची झाली तर लागेल तुम्हाला."

त्याच दुपारी रंगराव चप्पल घालून बाहेर पडले आणि नवी कडी घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी तिनं कडी पाहिली, मान हलवली आणि म्हणाली, "कोंडलेलं जनावर चावणारच. फिरवता का त्याला?"

"मला शिकवू नका."

"बरं. गाडीवाल्यांना सांगते, मालकाला कुत्रा फिरवता येत नाही."

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता रंगराव पेढ्याला घेऊन टेकडी चढले. पेढ्यापेक्षा त्यांनाच जास्त धाप लागली. वर दगडावर त्यांचे जुने मित्र आप्पासाहेब बसले होते.

"अरे, आहेस होय तू? मला वाटलं, आटोपला कारभार."

"एक बाई मागं लागलीय रोज," रंगराव धापा टाकत म्हणाले.

"या वयात? आमच्या मागं नुसती शुगर लागलीय!"

रंगरावांना हसू फुटलं. आपण हसतो आहोत हे त्यांना मागाहून कळलं.

राजनंदिनी रोज नवं खुसपट काढायची. पट्टा ढिला आहे. अंगाला वास येतो. "खायला घालता की नुसती पेन्शनची स्लिप दाखवता त्याला?" त्या दिवशी रंगरावांनी स्वतः दूधभात कालवला. पेढ्याचा झाला, उरलेला त्यांनी खाल्ला. रात्री अंथरुणावर पडलं की उद्या तिला काय सुनवायचं याची जुळवाजुळव चाले, आणि त्यातच डोळा लागे.

"कुठल्या कचेरीत असता हो आपण?" एकदा त्यांनी विचारलं. "तिथल्या लोकांची दया येते मला."

"तिथं कुणी भुंकत नाही," ती म्हणाली आणि चालू लागली.

सप्टेंबर संपता संपता तिनं शेवटचं सांगितलं. "दसऱ्याला फाटक उघडं ठेवा. मी समोरून जाईन. धावून आला तर दुपारी गाडी."

दसऱ्याला फाटकावर झेंडूचं तोरण होतं. मागं ऋतिका ओठ आवळून उभी. राजनंदिनी मुद्दाम फाटकाला लागून, सावकाश आली. पेढा उठला. मानेवरचे केस ताठ झाले.

"बस," रंगराव म्हणाले. आवाज चढला नाही.

पेढा बसला. मग उठून तिच्यापाशी गेला, तिच्या चपला हुंगल्या आणि शिंकला.

"बघा!"

"सर्दी झालीय त्याला," ती म्हणाली. "औषध द्या." आणि मागं वळून न बघता निघून गेली.

रंगरावांनी सगळ्या गल्लीत सोनं वाटलं. प्रत्येकाला सांगत होते, "जिंकलो!"

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पेढा म्हातारा होऊन रंगरावांच्या मांडीवर गेला. आप्पासाहेब मुलाकडे नाशिकला असतात. तिथं टेकडी नाही म्हणून कुरकुरतात. रंगराव अजून रोज टेकडी चढतात, मागं रस्त्यावरची दोन कुत्री असतात. नवीन कोणी भेटलं की हटकून सांगतात, "अशी जिरवली त्या बाईची, की पुन्हा गल्लीत फिरकली नाही!" ऋतिका ऐकते आणि हो ला हो करते.

राजनंदिनी अकोल्याला परत गेली. पुणं सोडण्याआधी तिनं ऋतिकाला फोन केला होता. त्या एप्रिलमध्ये ती कोविड वॉर्डात नर्स होती. विमलाबाईंनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तिला घराचा पत्ता सांगितला आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "हे माझ्यामागं दार लावून बसतील. समजूत घालू नकोस, ऐकायचे नाहीत. पेढ्यावरून भांड."