एकोणतीस मार्चचा जन्म

एक एप्रिल १९३३च्या आधी जन्मलेली पोरं चौदाव्या वर्षी शाळा सोडून खाणीत उतरली. त्यानंतरच्यांना नव्या कायद्याने आणखी एक वर्ष बाकावर बसवलं. त्या वर्षाने पन्नाशीतल्या कमाईत किती फरक पडला, हे आयलीनला इंग्लंडमधल्या डरहमच्या खाणगावांतल्या शाळांच्या जुन्या हजेरीपटांवरून माणसं गाठून ठरवायचं होतं.

तिचे वडील विल्फ त्याच सालच्या एकोणतीस मार्चचे. "तुझ्या आज्जीला भलती घाई, पोरी," खोकता खोकता ते म्हणायचे. "तीन दिवस थांबली असती, तर मीपण वर्षभर वर्गात डुलक्या काढल्या असत्या."

"फरक जवळजवळ शून्य," तिचे प्रोफेसर आकडे बघत म्हणाले. "म्हणजे ते वर्ष फुकटच गेलं. कमाईचा रकाना कोरा असलेली नावं गाळलीस ना?"

"गाळली, सर. एकशे बारा, सगळी पन्नाशीआधीच गेलेली माणसं. त्यातली नव्वद एक एप्रिलच्या आधीची आहेत."

"मेलेल्या माणसाला कमाई नसते, आयलीन. त्याला आपण काय करणार?"

तिने मान डोलावली.



वडिलांचं नाव तिने सकाळीच, सगळ्यांत आधी गाळलं होतं.