माग

टीव्हीवरचा तो अवाढव्य प्राणी लंगडायला लागला, तशी मयुरा पलंगावर पुढे सरकून बसली.

गुणवंतराव चहाचा कप घेऊन दारातच थांबले. फरीदाबादच्या त्यांच्या दोन खोल्यांत तीन आठवडे हेच चाललं होतं. चौतीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली मुलगी नवऱ्याचं नोएडातलं घर सोडून येते, एक सूटकेस आणि एक खेळाचं यंत्र एवढंच बरोबर आणते, आणि दिवसभर जनावरं मारत बसते. मॉन्स्टर हंटर. नावसुद्धा त्यांना उर्मट वाटायचं. सगळी नोकरी केंद्रातल्या एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात गेलेली. आवाज चढवायची सवयच नव्हती. शिवाय आपण बोलायला लागलो की आपलंच काहीतरी चुकत असणार, असं त्यांना वाटायचं. म्हणून ते गप्प होते. पण राग साठत होता.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेपाच. पाच वाजता धैर्यशीलराव येणार होते, मयुराला परत न्यायला. फोन गुणवंतरावांनीच केला होता. मयुराला यातलं काही माहीत नव्हतं. मी परत जाणार नाही, एवढंच ती आल्या दिवशी म्हणाली होती. कारण विचारलं की खेळ सुरू करायची.

आत्ताही तिचे अंगठे भराभर चालत होते. डावी करंगळी मात्र ताठ. दिवाळीत ते बोट गाडीच्या दारात सापडलं होतं. धैर्यशीलरावांनी तसं लगेच कळवलं होतं. जावई म्हणून त्यांची ही काळजी गुणवंतरावांना आवडली होती.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, तो प्राणी पळतोय कुठे. मयुरानं नजर न हलवता सांगितलं की फार मार बसला की तो लढाई सोडून देतो आणि लंगडत आपल्या घराकडे निघतो. मग त्याचे ट्रॅक्स बघत बघत आपण मागून जायचं.

"त्याला माग म्हणतात," गुणवंतराव सवयीनं म्हणाले. "पुढे काय?"

"पुढे तो घरी जाऊन झोपतो. झोपलेल्यावर पहिला वार डबल लागतो. बिल्कुल सोपं असतं मग."

गुणवंतरावांनी कप टेबलावर आदळला. चहा बशीत सांडला.

"हा कसला पराक्रम?"

आपला आवाज इतका मोठा होऊ शकतो हे त्यांनाच नवीन होतं. पण आता थांबणं जमेना. ते बोलत सुटले. त्यानं लढाई सोडली, हार मानली, आणखी काय हवं तुम्हाला? इथे तरी आपल्याला कुणी गाठणार नाही एवढ्या भरवशावर तो घरी आला, अंग टाकून झोपला, आणि तुम्ही माग काढत त्याच्या घरात शिरणार? झोपेत मारणार? वर दुप्पट फायदा? ग्रंथालयात त्यांनी जुन्या गोऱ्या साहेबांची शिकारीची पुस्तकं वाचली होती. झोपलेल्या जनावरावर गोळी झाडायला तेही लाजत, निदान तसं लिहीत तरी. ज्यानं हा खेळ रचला त्याला लाज नाही, आणि जो खेळतो त्याला तर...

इथे ते अडखळले. मयुरा मान वळवून त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

टीव्हीवर तो प्राणी गुहेत वेटोळं करून पडला होता. त्याची कूस वरखाली होत होती. शेजारी मयुराची शिकारीण भली मोठी तलवार पाठीला लावून उभी होती. ती हलत नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाचा काटा तेवढा सरकत होता.

"मारत नाहीस?"

"नाही, बाबा. मी रोज इथपर्यंतच येते. मग टाइम संपेपर्यंत बसून राहते." तिनं खेळाचा रिमोट मांडीवर ठेवला. "झोपू दे ना त्याला. घरी आलाय तो."

गुणवंतराव तिच्या मांडीवरच्या हाताकडे पाहत राहिले. करंगळी अजूनही ताठच होती. गाडीच्या दाराची ती हकिकत मयुराच्या तोंडून आपण कधीच ऐकलेली नाही, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं.

"हे बोट," ते म्हणाले, "गाडीच्या दारात..."

"दिवाळीत गाडी वर्कशॉपमध्ये होती, बाबा."

एवढंच बोलून ती परत टीव्हीकडे वळली. नेमकी तेव्हाच बेल वाजली.

त्यांनी आतलं दार उघडलं. जाळीच्या दारापलीकडे धैर्यशीलराव. इस्त्रीचा शर्ट, हातात काजू कतलीचा डबा, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि कडी निघायची वाट पाहिली. गुणवंतरावांचा हात कडीवर होता. कडी निघाली नाही.

धैर्यशीलरावांचं हसू थोडं कमी झालं. जाळीला तोंड लावून ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाबा, उघडा ना. तुम्हीच तर फोनवर म्हणालात, दिवसभर घरीच असते, थकलीये, आत्ता आलात तर फार बोलावंही लागणार नाही म्हणून?"

"हो. माग मीच दाखवला," गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांनी आतलं दार लावून घेतलं.