नखं कोणी काढली?

मोहफुलांनी चिकट झालेले हात.

ताप उतरताना ओठावर उठणारे फोड. गावात म्हणतात, ताप मुतला.

तान्ह्या पोरीची मऊ नखं. ब्लेडनं कापायची नाहीत, लागेल, दातांनी कुरतडायची.

आणि सावली गावातल्या एका दवाखान्यात, नखुरडं समजून कंपाउंडरनं काढून ठेवलेली सुरी.

ती सुरी डॉक्टर रश्मी मॅडमनी बाजूला सारली.

"कापायचं नाही. यात पू नाही." त्यांनी आठ महिन्यांच्या छकुलीचं बोट उजेडात धरलं. टोक लाल, टरारलेलं. त्यावर पाणीदार फोडांचा घोस. "हा विषाणू आहे. कापलं तर चिघळेल. औषध देते. बोट झाकून ठेवा, तोंडात घालू देऊ नका."

छकुलीच्या आईचा, दीपालीचा, जीव भांड्यात पडला. लगेच सासूवरचा राग वर आला.

"ही बाई मोहफुलं वेचते आन् तशाच हातानं पोरीले घेते. तीन दिवसापासून मी हातच नाई लावू देऊन राह्यली."

सासू, रुखमा, दाराशी उभी होती. तिनं हात पदराखाली घेतले. "तुमचे हात घाण हायेत," असं सून अंगणात ओरडली होती. तेव्हापासून तीन दिवस ती नातीला लांबूनच हाका मारत होती.

"मोहफुलांनी हे होत नाही," मॅडम म्हणाल्या. "तापानंतर ओठावर फोड येतात ना, त्यातून येतं. हिची नखं दातांनी कोणी काढली?"

दीपालीचा हात ओठाकडे गेला. खपली अजून पडली नव्हती. मागच्या सोमवारी, अंगात कणकण असताना, तिनं एकेक बोट तोंडात धरलं होतं. गाणं म्हणत.

बाहेरच्या बाकावर परगावच्या बायका कान देऊन बसल्या होत्या. ती छकुलीचं झबलं नीट करत राहिली.

"मीच काढले, मॅडम," रुखमा मोठ्यानं म्हणाली. "दातानं. मलेच अक्कल नाई. पोरीच्या मायले काऊन विचारता?"

मॅडमनी आधी रुखमाच्या तोंडाकडे पाहिलं, मग दीपालीच्या ओठाकडे. मान खाली घालून त्या चिठ्ठी लिहू लागल्या.

"म्हातारीनंच केलं म्हनते वो," बाहेर कुणीतरी म्हणालं.



रुखमाचा शेवटचा दात तीन वर्षांपूर्वी पडला होता.