मालकाची वकील

शनिवारी दुपारी नीनाने साउथहॅम्प्टनहून कार्डिफला फोन लावला, तेव्हा बाबांचा पारा चढलेलाच होता. अमेरिकेतल्या नोकरीत लागलेलं बेसबॉलचं वेड त्यांनी इथे ब्रिटनमध्ये येऊनही सोडलं नव्हतं, आणि त्यांच्या लाडक्या टीमने आपला सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे बॉल फेकणारा खेळाडू, दुसऱ्या टीमला देऊन टाकला होता.

"खर्चाची मर्यादा म्हणे! मालक कंजूष आहे, दुसरं काही नाही."

"बाबा, पस्तिशीच्या पिचरवर कोण एवढे पैसे उधळेल? मालकाने योग्य तेच केलं."

"तुला काडीचं कळत नाही. त्या मॅनेजमेंटमधल्या एकाने तरी कधी बॉल हातात धरलाय का?"

"म्हणूनच डोकं शांत ठेवून निर्णय घेतात."

"मालकाची वकील कुठली!"

तासभर ते तावातावाने बोलत राहिले. त्याच रात्री बाबा झोपेतच गेले.

अंत्यसंस्काराची तारीख मिळायला इथे लागतात तसे दोन आठवडे लागले. तोवर त्यांना फ्युनरल होममध्ये ठेवलं होतं. तिथल्या लहानशा खोलीत नीना त्यांच्याशेजारी बसून राहिली. रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"बोल गं काहीतरी त्यांच्याशी," आई म्हणाली. "एरवी किती भांडायचीस."

नीनाने त्यांच्या गार हातावर हात ठेवला.

"तुमचंच बरोबर असायचं, बाबा. दर वेळी. पण मी तसं म्हटलं असतं, तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, 'थांब, आईला फोन देतो.'"